कारभाऱ्याने काय केले? दानीएलाचे शाकान्न आणि पाच रुपयांचे पाकीट

शास्त्रभाग : दानीएल १:१-१६, यशया ५५:१-२, लूक १०:५-८



दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. राजाच्या ताटातले अन्न व द्राक्षारस घ्यायचा नाही असा दानीएलाने निश्चय केला, दहा दिवस शाकान्न व पाणी घेतले आणि तो व त्याचे तिघे सोबती इतरांपेक्षा तजेलदार दिसले. या भागावरचे बहुतेक संदेश आठव्या वचनातल्या निश्चयापाशी थांबतात. मुलांनो, दानीएलासारखे व्हा, असे सांगून आपण प्रार्थनेला वळतो.

या तिमाहीत आपण नवव्या ते सोळाव्या वचनांपाशी थोडे अधिक थांबू या. दानीएल कैदी होता. स्वयंपाकघराची किल्ली त्याच्या हातात नव्हती. त्याने आधी खोजांच्या सरदाराला विनंती केली. सरदाराची मर्जी दानीएलावर होती, तरी तो घाबरला. ही मुले अशक्त दिसली तर राजा माझे डोके उडवील, असे तो म्हणाला, आणि ती भीती खोटी नव्हती. दानीएलाने त्याच्याशी वाद घातला नाही. तो त्याच्या खालच्या माणसाकडे, म्हणजे रोज ताट वाढणाऱ्या कारभाऱ्याकडे गेला आणि दहा दिवसांची मुदत मागितली. कारभाऱ्याने ऐकले. सोळाव्या वचनात क्रियापदे कारभाऱ्याची आहेत : त्याने ते अन्न काढून घेतले आणि त्याने शाकान्न दिले. त्याने दिले नसते तर दानीएलाचा निश्चय मनात राहिला असता आणि पोट उपाशी.

एक सावधगिरी आधीच सांगते. हा अध्याय आहारशास्त्राचा नाही. दानीएलाला वजन कमी करायचे नव्हते. त्याला विटाळाची, म्हणजे आपण कोणाचे आहोत याची काळजी होती. दहाव्या अध्यायात तो शोक करताना तीन आठवडे पक्वान्न, मांस व द्राक्षारस वर्ज्य करतो, म्हणजे एरवी तो ते घेत असावा. मार्क ७ मध्ये प्रभूने स्पष्ट केले आहे की बाहेरून आत जाणारे अन्न माणसाला अपवित्र करत नाही. तेव्हा बिस्किट खाणे पाप आणि भाकरी खाणे पुण्य, असा नवा परूशीपणा या लेखातून कोणी काढू नये. मला बोलायचे आहे ते ताट कोण वाढतो याविषयी.

आमचे काम दुसरबीडच्या आसपासच्या पारधी व भिल्ल वस्त्यांवर चालते. दुसरबीड हे सिंदखेडराजा तालुक्यातले, सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे गाव. आता तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेला आहे. रस्ते चांगले झाल्याचा आनंद आहेच. आजाऱ्याला घेऊन जाणे सोपे झाले. पण रस्त्याने दवाखाना जसा जवळ आला तसा माल भरलेला टेम्पोही जवळ आला. वस्तीवरच्या लहानात लहान दुकानात, जिथे कधीकधी तूरडाळ संपलेली असते, तिथे दारावर रंगीत पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात. त्या कधी संपत नाहीत. पाच रुपयांचे चिप्स, पाच रुपयांचे बिस्किट, दहा रुपयांचे नूडल्स, एका रुपयाची गोळी.

येथे शब्दांचा थोडा खुलासा हवा, कारण 'प्रक्रिया केलेले अन्न' म्हटले की गोंधळ होतो. दळण हीसुद्धा प्रक्रियाच आहे. उन्हाळ्यात वाळवलेले सांडगे, पापड, लोणचे, गूळ, दही, सगळे प्रक्रियेनेच होते आणि त्यावर आपल्या आज्या-पणज्यांनी पावसाळे काढले. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस माँतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून अन्नाची एक वेगळी वर्गवारी मांडली, तिला 'नोव्हा' म्हणतात. तिच्यात चार गट आहेत. पहिला, जसे पिकले तसे किंवा नुसते दळले-कांडले-वाळवले असे अन्न. दुसरा, तेल-मीठ-साखरेसारखे स्वयंपाकाला लागणारे पदार्थ. तिसरा, या दोहोंपासून साध्या रीतीने टिकवलेले अन्न. आणि चौथा, कारखान्यात धान्याचे, तेलाचे, स्टार्चचे घटक सुटे करून, त्यांत रंग, वास, चव व पोत आणणारी द्रव्ये घालून पुन्हा जुळवलेले पदार्थ. हा चौथा गट म्हणजे अतिप्रक्रियायुक्त अन्न. ओळखायची सोपी खूण अशी की पाकिटावरच्या यादीत तुमच्या स्वयंपाकघरात कधीच नसणारी नावे दिसतात : इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर, माल्टोडेक्स्ट्रिन, आणि नुसते आकडे.

अशा अन्नाने काय होते? अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस प्रौढ माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवले. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण, दोन आठवडे साधे शिजवलेले जेवण. दोन्ही ताटांत वाढलेले उष्मांक, साखर, स्निग्ध, तंतू, मीठ सारखेच; खायचे किती ते ज्याचे त्याने ठरवायचे. पाकिटातल्या जेवणावर माणसे रोज सुमारे पाचशे उष्मांक जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोने वाढली. साध्या जेवणावर तेवढीच उतरली. म्हणजे जास्त खाणे ही केवळ हावरेपणाची गोष्ट नाही. ते अन्नच तसे बनवलेले असते की हात थांबत नाही. त्याच प्रयोगातला दुसरा आकडा क्वचित सांगितला जातो. पाकिटातल्या जेवणाचा आठवड्याचा खर्च १०६ डॉलर आला, साध्या जेवणाचा १५१ डॉलर. अमेरिकेतसुद्धा साधे महाग पडले.

आमच्या भागात हे कसे घडले हे समजायला शेताकडे पाहावे लागते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी इथल्या शिवारात ज्वारी होती. माणसाला भाकरी, गुरांना कडबा, पाखरांना दाणे. मग सोयाबीन आले. चार महिन्यांत पैसा देणारे पीक, त्यामुळे शेतकऱ्याला दोष देता येत नाही. ज्वारीला भाव नव्हता, काढणीला मजूर मिळत नव्हते आणि रानडुकरे उभे पीक लोळवत होती. पण सोयाबीन हे आपल्या ताटातले धान्य नाही. ते पोत्यात भरून तेलाच्या कारखान्यात जाते. दाण्यात तेल असते सुमारे अठरा ते वीस टक्के. उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्या-जनावरांच्या खाद्याला जाते. तेल शुद्ध करताना जो चिकट भाग निघतो त्यातून लेसिथिन तयार होते आणि ते बिस्किटात, चॉकलेटात पडते. तेव्हा वस्तीवरची बाई ज्या शेतात सोयाबीन सोंगते त्याच शेताचा अंश पाच रुपयांच्या पाकिटातून तिच्या मुलाच्या हातात परत येतो, आणि मधल्या प्रत्येकाची मजुरी तिच्या पाच रुपयांत असते. यशया पंचावन्नाव्या अध्यायात विचारतो की जे अन्न नव्हे त्यासाठी पैसा का खर्चता. मला हे वचन पूर्वी फक्त आत्मिक अर्थाने ऐकू यायचे.

सोयाबीनबरोबर तणनाशक आले, हेही नोंदवले पाहिजे. तण म्हणजे काय? घोळ, तरोटा, पाथरी, कुरडू, चिवळ. निंदायला गेलेली बाई संध्याकाळी ओट्यात भाजी घेऊन घरी यायची. तिला ती विकत घ्यावी लागत नसे. फवारणी झालेल्या रानातून आता काय खुडणार? बांधावर उरलेली भाजी खुडायलाही भीती वाटते. एका म्हातारीने मला सांगितले, "ताई, पह्यले भाजी फुकट होती अन् बिस्किट महाग होतं. आता उलटं झालं."

मागच्या उपवासकाळात आमच्या महिला मंडळातल्या आम्ही काही जणींनी दानीएलाप्रमाणे दहा दिवसांचा नेम केला : चौथ्या गटातले काही घ्यायचे नाही. आम्ही सगळ्या पगारदार किंवा पेन्शनीच्या घरच्या. घरात गॅस, फ्रिज, मिक्सर. तरी पहिल्याच दिवशी चहाबरोबरचा टोस्ट गेला, मग ब्रेड, सॉस, नातवाचे 'मल्टिग्रेन' बिस्किट. तिसऱ्या दिवशी कोणीतरी हिंगाच्या डबीवरची यादी वाचली आणि तिच्यात पीठ व डिंक सापडले. यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी हिंगाला माफी मिळाली. फरसाण कशात धरायचे यावर एकमत झालेच नाही. यादी वाचणे हेही काम आहे. कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून पहिली तीन नावे वाचली तरी पुष्कळ कळते. बहुतेक बिस्किटांत ती मैदा, साखर आणि पाम तेल अशी निघतात. पण हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते; मराठीची सक्ती नाही. अक्षरे तर इतकी बारीक की दोघींना चष्मा बदलावा लागला. ज्या आईला वाचता येत नाही तिला पाकिटावर फक्त गव्हाची लोंबी आणि दुधाचा पेला दिसतो.

नेमाच्या सहाव्या दिवशी मी एका वस्तीवर गेले. घरच्या बाईने मुलाला दुकानात पिटाळले आणि माझ्यासाठी बिस्किटाचा पुडा मागवला. चुलीजवळ टोपलीत ज्वारीची भाकरी झाकलेली होती, शेजारी ठेचा होता. मी म्हटले, "मावशी, मला भाकर चालंल." ती हसली आणि म्हणाली, "तुम्ही पाव्हण्या. पाव्हण्याला का भाकर देतेत? ते आमचं गरिबाचं खाणं." लूक १० मध्ये प्रभूने शिष्यांना सांगितले आहे की ज्या घरी जाल तिथे पुढे ठेवतील ते खा. मी बिस्किट खाल्ले. नेम मोडला म्हणून मला वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते दुसऱ्याच कारणाने. आपल्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेत मागणी आहे ती भाकरीची, नेमका तोच शब्द आहे. आणि ज्या घरात ती खरोखरची भाकरी होती तिथे ती पाहुण्यापासून झाकून ठेवावी लागत होती. ही लाज त्या बाईने स्वतः निर्माण केलेली नाही. जाहिरातीत गोरे, गुटगुटीत मूल पाकीट फोडते. भाकरी खाणारे मूल जाहिरातीत कुणी पाहिले आहे?

शहरातल्या मंडळ्यांत मी अहवाल द्यायला जाते तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : गरीब असून ही माणसे कुरकुऱ्यांवर पैसे का घालवतात? प्रश्न विचारणारे वाईट नसतात. त्यांना मी एका दिवसाचा हिशोब सांगते. सोंगणीच्या दिवसांत आई सकाळी लवकर मुकादमाच्या गाडीत बसते. तिला पहाटे उठून पाणी भरायचे, सरपण फोडायचे, भाकरी थापायची. भाकरीसाठी ज्वारी हवी आणि रेशनवर येतो तो बहुतेक गहू-तांदूळ. २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, माणशी महिना पाच किलो, आणि त्याचा मोठा आधार आहे. पण डाळ, तेल, भाजी विकतच. तूरडाळीचा किलो शंभराच्या आत क्वचित मिळतो. तिच्या हातात एका वेळी शंभर रुपये डाळीसाठी मोकळे नसतात, पाच रुपये मात्र असतात. लहान मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर सोडून जायचे आहे. बहीण नऊ वर्षांची. ती चूल पेटवणार नाही, पेटवू नये. ती रडणाऱ्या भावाला पाकीट फोडून देते आणि तो गप्प बसतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचे तर आणखी कठीण. तिथे कोपीत चूल पेटते ती फडावरून थकून आल्यावर. या आईला दानीएलासारखा निश्चय करायला सांगणे म्हणजे कारभाऱ्याने आपले काम न करता कैद्याला उपदेश करण्यासारखे आहे.

मग कारभारी कोण? आपल्या देशात या प्रश्नाचे एक उत्तर न्यायालयाने दिले आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला की सरकारी शाळांतल्या मुलांना कोरड्या धान्याऐवजी शिजवलेले जेवण द्यावे. आज वस्तीवरच्या मुलाला दुपारी गरम खिचडी मिळते ती त्यामुळे. याच जेवणावर २००७ च्या सुमारास एक वेगळे संकट आले होते. बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांना पत्रे पाठवली की शिजवलेल्या जेवणाऐवजी बिस्किटांचे पाकीट द्यावे. ते स्वच्छ, टिकाऊ, वाटायला सोपे. काही खासदारांनी ती मागणी पुढे रेटलीही. पोषणतज्ज्ञांनी व अर्थतज्ज्ञांनी विरोध केला आणि मागणी फेटाळली गेली. त्या वेळी कोणीतरी कागदावर 'नाही' लिहिले, म्हणून आज आमच्या शाळेत चूल पेटते. सोळाव्या वचनातल्या कारभाऱ्याने केले ते असेच काम होते.

दुसरे उदाहरण अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे. महादेव कोळी समाजातल्या या बाईंना शाळा मिळाली नाही. त्यांनी वालासारख्या शेंगभाज्यांचे, पालेभाज्यांचे, भाताचे गावठी बियाणे जपले, बायकांना वाटले आणि घराघराच्या परसात लावायला शिकवले. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या कामात आवडते ते असे की पाकीट खाऊ नका हे सांगण्याआधी त्यांनी दाराशी वेल लावून दिला.

आता आपल्या कामाविषयी, आणि हा भाग मी संपादकांना आग्रहाने छापायला सांगितला आहे. नाताळ जवळ येतो तशा आपल्या प्रेमळ पाठीराख्यांच्या पेट्या येऊ लागतात. कपडे, ब्लँकेट, वह्या असतात आणि जवळजवळ प्रत्येक पेटीत बिस्किटांचे पुडे, टॉफी, नूडल्स, सरबताची भुकटी. देणाऱ्याचे मन मला ठाऊक आहे. एका विधवा बहिणीने पेन्शनीतून बिस्किटांचा खोका पाठवताना प्रत्येक पुड्यावर मुलांसाठी वचन चिकटवले होते. त्या प्रीतीला कोणी कमी लेखू नये. पण मूल वर्षभर दुकानाच्या दारावर जे पाहते तेच जर नाताळच्या दिवशी येशूच्या नावाने त्याच्या हातात आले, तर त्या टोपलीतल्या भाकरीची लाज आणखी थोडी वाढते. म्हणून यंदा विनंती अशी आहे की खाऊ पेटीतून पाठवू नये. त्याऐवजी रक्कम पाठवावी. आम्ही दुसरबीडच्या बाजारातून ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, फुटाणे घेऊ आणि नाताळचे जेवण वस्तीवरच्याच बाया रांधतील. त्या कामाची मजुरी त्यांना दिली जाईल. मुलांना गोड हवेच. शेंगदाण्याचे लाडू होतील. टॉफी मुळीच नाही का, असे आमच्या संडे स्कूलच्या शिक्षिकेने जरा रागाने विचारले. नाताळला एक टॉफी मिळाल्याने कोणाचे काही बिघडत नाही, हे मी तिच्याजवळ कबूल केले.

एक गोष्ट मात्र अजिबात पाठवू नये : लहान बाळांसाठी पावडर दुधाचे डबे, बाटल्या आणि डबाबंद बाळ-आहार. याबाबत १९९२ चा कायदा आहे. अनाथालय सोडून इतर कोणालाही या वस्तू दान म्हणून देता येत नाहीत. कारणही सरळ आहे. फुकटचा डबा संपेपर्यंत आईचे दूध आटते, पुढचा डबा तिला परवडत नाही, मग ती त्यात पाणी वाढवते, आणि ते पाणी उकळलेले नसते. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला आईचे दूध पुरते; मदत करायची असेल तर आईच्या ताटात डाळ आणि भाजी पडेल असे करावे.

वस्तीवर पुढच्या पावसाळ्यासाठी आम्ही दहा घरांपासून परसबाग सुरू करत आहोत. जागा थोडी, पाणी त्याहून थोडे. सांडपाण्यावर भोपळा, वाल, शेवगा एवढेच जमेल. बियाणे आधी वस्तीवरच शोधायचे ठरवले आहे. दोन म्हाताऱ्यांच्या गाडग्यांत राखेत ठेवलेले वालाचे दाणे सापडले आहेत.

गटचर्चेसाठी :

१. दानीएल १:१० मधल्या सरदाराची भीती आणि १:१४ मधल्या कारभाऱ्याचे वागणे यांची तुलना करा. दोघांचीही नोकरी पणाला लागली होती. दोघांच्या वागण्यात फरक कशामुळे पडला असेल?

२. या आठवड्यात आपल्या घरात आलेली पाच पाकिटे घ्या आणि प्रत्येकावरची पहिली तीन नावे मोठ्याने वाचा. त्यांपैकी कोणत्या पदार्थाऐवजी घरी काही करता येईल? ते कोण करील, आणि तिला त्यासाठी वेळ कोण काढून देईल?

३. आपल्या मंडळीत उपासनेनंतर चहाबरोबर काय दिले जाते? ते कोण ठरवते?